मेलेल्या नाकाचं वैर

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला आजही वाटतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारा शेवटी निवळला. मी निवळलेलो नाही.

आमची गल्ली नंदुरबारच्या जुन्या भागात. समोरून मोटारसायकल आली की आपण ओट्यावर चढायचं, एवढी तिची रुंदी. घराला घर चिकटलेलं. शेजारी फोडणी पडली की माझ्या सुनेला इकडे कळतं, कढी केली की वरण. मला कळत नाही. माझं नाक केव्हाच गेलं.

मी मिरचीतला माणूस. चौथीत नापास झालो आणि बापाने पाटी काढून घेऊन पथारीवर नेलं. गावाबाहेर मोकळ्या रानावर मिरची वाळत घालतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. दिवाळीपासून होळीपर्यंत ती पायाने उलथवायची, देठ खुडायचे, पोती भरायची. पहिल्या वर्षी हात पेटले, डोळे पेटले, रडलो. तिसऱ्या वर्षी काही वाटेनासं झालं. पुढे तर मी भरल्या पोत्यावर तोंड खाली करून झोपायचो आणि बाकीचे मजूर बघायला यायचे. मुकादम झालो तेव्हा नव्या माणसाला ठसका लागला की मी हसायचो. ठसका लागणं म्हणजे नाजूकपणा, अशी माझी समजूत. ती समजूत मी घरात नातीसाठीही वापरली, हे पुढे येईल.

नात तिसरीत आहे. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. सून शाळेत मुलांचा आहार शिजवायला जाते, दुपारी येते. बायको जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे सकाळी नात आणि मी. तिला तीन वर्षांची असल्यापासून धाप लागते. थंडी पडली की लागते, पायऱ्या चढली की लागते. छातीतून बारीक शिट्टी वाजते, मान पुढे येते, बोलताना एका वाक्याचे तीन तुकडे होतात. दवाखान्यात दमा म्हणाले.

आणि याच घराच्या भिंतीला भिंत लावून त्या माणसाने पुढच्या खोलीत मिरची कांडायचं मशीन बसवलं. आमची खिडकी आणि त्याचा पंखा, मध्ये एक हात जागा. पंखा आतली पूड बाहेर फेकणार आणि आमची खिडकी ती आत घेणार. आठ दिवसांत खिडकीच्या गजांना लाल मुलामा चढला.

त्याचा बाप पथारीवर माझा जोडीदार होता. पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. म्हणून मी पहिल्यांदा नीट बोलायला गेलो. त्याच्या ओट्यावर बसलो. तीन बायका डबे घेऊन रांगेत होत्या.

मी म्हणालो, “भाऊ, तुन्हा पंखा रस्ताकडे फिरव. पोरले धाप लागस.”

तो मशीन बंद न करताच ओरडला, “काय आप्पा, तुम्हीच बोलतस हाई? जिंदगीभर मिरचीवर लोळनात, आते नातले ठसका लागस?”

बायका हसल्या.

“मी मजाक नही करी ऱ्हायनू,” मी म्हणालो.

“मंग तिले बी पथारीवर न्या दोन वरीस. तुम्हनामायक पक्की व्हई जाई!”

एक बाई तर हसता हसता ओट्यावर टेकली. माझंच वाक्य होतं ते. मुकादम असताना मी शंभर जणांना असंच बोललो असेन. पण स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, बायकांसमोर, आपल्या नातीवर आलेलं मी ऐकून घेणारा नाही. मी उठलो आणि उठतानाच ठरवलं, याचं मशीन मी या गल्लीतून उचलून नेताना बघणार. बाकी काही नको.

मग मी कामाला लागलो. नगरपालिकेत अर्ज दिला, स्वतःच्या हाताने लिहून. साहेबाने वाचला, घडी घातली, खणात टाकला. मी बायकांना सांगायला लागलो की तो मिरचीबरोबर देठही दळतो. हे खरं होतं का? थोडे देठ कुणाच्याही मिरचीत राहतात. पण मी असं सांगितलं की जणू पोतंभर देठ बघितले. गिऱ्हाईक तुटलं. महिनाभर त्याची रांग दोन डब्यांवर आली आणि मला जेवण गोड लागलं. मी सकाळी दात घासायला मुद्दाम त्याच्या दारासमोर उभा राहायचो.

त्याला कळलं. त्याने भांडण नाही केलं. त्याने मशीनची वेळ बदलली. आधी दहाला लावायचा, आता सकाळी सातला, बरोबर नात न्हाऊन केस विंचरत खिडकीपाशी बसायची तेव्हा. मी खिडकीला पोतं ठोकलं. पोत्यातूनही पूड यायची. त्यावर मी त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो नाही. त्यावर त्याने आमच्या बाजूची मोरी बुजवली. असं चाललं. मधल्या मध्ये पोर खोकायची, आणि प्रत्येक खोकल्याला मी मनात त्याच्या नावाने बोटं मोडायचो. तिची पाठ चोळायच्या आधी मी पंख्याकडे बघायचो. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

दवाखान्यातून तिला दोन पंप दिले होते. एक निळा, धाप लागली की घ्यायचा. एक दुसऱ्या रंगाचा, तो रोज सकाळ-संध्याकाळ, धाप असो नसो. तोंडाला लावायला प्लास्टिकचं नळकांडं. नर्सबाईने सुनेला नीट शिकवलं होतं. मला ते आवडलं नाही. धडधाकट असताना औषध कशाला? आणि सवय लागली तर? आणि गल्लीने बघितलं तर उद्या सोयरिकीच्या वेळी म्हणतील, पंपवाली पोर. मी सुनेला सांगितलं, कपाटात ठेव, कुणाला दाखवू नको. सून गुपचूप द्यायची. ती नसताना सकाळचा पंप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी द्यायचो कधी, कधी नाही. बहुतेक नाहीच. पोर विचारायची, “आबा, पंप?” मी म्हणायचो, “आज तू बरी शे ना.” आणि तीही खूश, शाळेत पळायची.

माघात एका सकाळी तिला बरं नव्हतं म्हणून शाळेत पाठवली नाही. सून कामावर गेली. सातला मशीन लागलं. नऊपर्यंत पोर भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर-खाली. निळा पंप मी दिला, पण नळकांड्याशिवाय, तोंडात फुसकारला झालं. काही फरक पडला नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं. यानेच नजर लावली. याची नजर माझ्या नातीवर आहे, औषधाला ती कशी ऐकेल?

माझी आई दृष्ट काढायची तशी काढायची ठरवलं. सुक्या लाल मिरच्या सात, मीठ, मोहरी, आणि ज्याची नजर लागली असेल त्याच्या उंबऱ्याची माती. मी बाहेर गेलो. तो आत मशीनपाशी पाठमोरा होता. मी वाकून त्याच्या उंबऱ्याची चिमूटभर माती उचलली. किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. त्याच्या घराचं काहीतरी माझ्या मुठीत होतं आणि ते मी जाळणार होतो.

शेगडीत निखारे केले. पोरीवरून सात वेळा उतरवलं. “आल्यागेल्याची, पापी नजर जळू दे,” म्हणालो आणि निखाऱ्यावर टाकलं. आणि दार लावलं, धूर बाहेर जाऊन नजर परत गल्लीत फिरू नये म्हणून.

आता दृष्ट काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मिरच्या जळल्या आणि घरात ठसका लागला तर समजायचं, नजर नव्हती. ठसका लागला नाही तर समजायचं, नजर होती, आणि जबर होती. मी शेगडीवर वाकलो. श्वास घेतला. ठसका नाही. डोळ्यांत पाणी नाही. काही नाही. माझी खात्री पटली. एवढी जबर नजर! आतून बरणी आणली आणि मूठभर मिरच्या आणखी टाकल्या. पुन्हा वाकलो. ठसका नाही. आणखी एक मूठ टाकली.

आयुष्यभर पोत्यावर तोंड ठेवून झोपलेला माणूस मी. मला ठसका कुठून लागणार होता? पण हे माझ्या मनाला शिवलं नाही. मी नजर मोजत बसलो होतो.

मागे पोर खोकत नव्हती, म्हणून मला वाटलं तिलाही ठसका नाही. ती खोकायच्या पलीकडे गेली होती.

सून त्या दिवशी लवकर आली. तिने दार ढकललं आणि उंबऱ्यातच पदर नाकाला लावून दुमडली, एवढा तिला ठसका लागला. मग आत पळाली, पोरीला उचललं. ओठ जांभळे झालेले. सून रस्त्यावर आली आणि ओरडली. गल्लीत रिक्षा येत नाही. जो पहिला धावला तो तोच होता. हाताला, भुवयांना मिरचीची पूड, तसाच. मोटारसायकल काढली. “बठ, वहिनी!” सून पोरीला घेऊन मागे बसली आणि तो गेला.

मी मागून चालत गेलो. चालताना मी देवाला दोन गोष्टी मागत होतो. पोर वाचू दे. आणि उपकार याचा नको.

दवाखान्यात तिला वाफेच्या मशीनला लावलं होतं, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “आज घरात काय झालं? धूर, धूळ, काही?”

मी सुनेच्या आधी बोललो. त्याच्याकडे बोट केलं. “हा उभा आहे ना, याचं मिरचीचं मशीन. आमच्या खिडकीत पूड मारतो.”

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या आणि त्यांनी त्याला उभ्या-उभ्या सोललं. लहान मुलांच्या वस्तीत हे मशीन लावलंतच कसं, लाज वाटत नाही का. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याला काही माहीत नव्हतं. तो दारापर्यंत आला होता, पण जळक्या मिरचीचा वास त्यालाही आला नाही. त्याचंही नाक माझ्यासारखंच गेलेलं.

सून माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, समजदार आहे.

चौथ्या दिवशी पोर घरी आली. त्या दिवशी सून माझ्यासमोर बसली. लग्न झाल्यापासून ती कधी माझ्यासमोर अशी बसली नव्हती.

“मामा, सकायना पंप तुम्ही देतस का नही?”

मी पंपाकडे बघितलं. त्याच्या डबीवर किती फवारे उरले त्याचा आकडा दिसतो.

“डॉक्टरनी डब्बीवरला आकडा दखा. जितला व्हवाले पाहिजे तितला कमी नही व्हयना. माले इचारं. मी काय सांगू?”

“त्यान्हा मशीनमुळे...”

“मशीननं मंग दखसूत. मिरच्या कोनी जाळ्यात?” तिचा आवाज चढला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. “रोजना पंप असता तर ती पूडबी सहन करती. रविवारपर्यंत दखस, तुम्ही पंप देतस का नही. नही तर पोरले मन्ही मायकडे लई जासू. तठे डोंगर शे, हवा शे. तठे कोनी वैर करत नही तिन्हा छातीवर.”

तिचं माहेर नवापूरकडे, चिंचपाड्याच्या पुढे. ती नेईल याबद्दल मला शंका नव्हती. पोर गेली असती तर घरात मी आणि माझं पोतं ठोकलेली खिडकी.

पण रविवार माझाच होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला झापल्याची गोष्ट मी दवाखान्यातून येता येता अर्ध्या गल्लीला सांगितली होती. रविवारी सकाळी नळापाशी सगळी गल्ली बसली. बाया, माणसं, सगळे माझ्या बाजूने. ज्या बायका त्याच्या ओट्यावर हसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, “पोर मरी जाती ना, भाऊ! उचल ते मशीन.” माझ्या छातीत ढोल वाजत होता. पोर सुनेच्या मांडीपाशी उभी होती, नुकतीच बरी झालेली, मान बारीक.

तो उभा राहिला. त्याचा चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, “आप्पा, मन्हा बाप तुम्हना जोडीदार व्हता. मी वाद नही घालत. तुम्ही नातना डोकावर हात ठेवा आणि सांगा, त्या दिनले तुम्हना घरमा धूर व्हता का नही. नही म्हना, मी आजच मशीन काढस. वरून सगळासमोर माफी मांगस.”

त्याला काही कळलं होतं का, की सहज म्हणाला? मला आजही माहीत नाही. कुणीतरी बोललं असेल, शेजारच्या भिंती पातळ आहेत. गल्लीतले म्हणाले, “हां, बरोबर. ठेवा हात, आप्पा. एक शब्दमा भांडन सरी जाई.”

आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. कोर्टात बोलतात, अर्जात बोलतात. मीही बोललो होतो, दवाखान्यात. पण डोक्यावर हात ठेवून नाही.

मी उठलो. एक शब्द बोललो असतो की मशीन उचललं जाणार होतं. दोन वर्षं मी त्या शब्दासाठी जगलो होतो. पोर माझ्याकडे बघत होती, घाबरलेली नव्हती, नुसती बघत होती. मी तिच्या केसांवर हात ठेवला. तिचं डोकं किंचित हलत होतं, श्वासाबरोबर. आत अजून शिट्टी होती, अगदी बारीक. कानाला येत नव्हती, हाताला लागत होती.

मी म्हणालो, “धूर मी करा. मिरच्या मी जाळ्यात, दार लाईसन. तिना रोजना पंपबी मीच देत नव्हतू.”

नळ ठिबकत होता. माझे कान तापले. या गल्लीत माझ्या शब्दाला मान होता, तो ज्याच्यासमोर जायला नको त्याच्याच समोर गेला. एक बाई पुटपुटली, “हाय रे दैवा.” त्या माणसाचे खांदे सैल पडले. त्याला वाटलं, सुटलो.

आणि इथे माझं डोकं चाललं. एवढी लाज मी फुकट गिळणारा नव्हतो.

“मी सांगं,” मी म्हणालो. “आते तू. ये आठे. ह्याच डोकावर हात ठेव आणि सांग, तुन्हा पंखानी पूड हिन्हा नाकमा जात नही. सकाळले सातले मशीन तू माले जाळाकरता लावत नव्हता. सांग. मी उद्या गल्ली सोडस.”

तो दोन पावलं आला. हात उचलला, अर्ध्यापर्यंत. मग तो आपल्याच तळहाताकडे बघत राहिला. रेषांत लाल पूड भरलेली होती, धुऊनही न जाणारी. पोर आपोआप मागे सरकली आणि तिने नाकावर हात धरला.

त्याने हात खाली घेतला. “नही जमत, आप्पा,” म्हणाला.

माझ्या आयुष्यात मला याहून मोठं सुख मिळालेलं नाही. हेही खरंच लिहितो.

मशीन पंधरा दिवसांत पथारीच्या रस्त्याला एका गाळ्यात गेलं. चार माणसांनी उचललं. मी खुर्ची टाकून ओट्यावर बसलो आणि शेवटचा नट निघेपर्यंत हललो नाही. तो जाताना म्हणाला, “आते बरं वाटी ऱ्हायनं ना?” मी म्हणालो, “हां.” तेवढंच आमचं शेवटचं बोलणं.

पोरीचा दमा गेला नाही. मशीन गेलं म्हणून जाईल असं मला वाटलं होतं, आणि नाही गेला तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्यावर टाकायला काही उरलं नाही. थंडीत तिला लागतो, धुळीत लागतो. डॉक्टरीणबाईंसमोर सुनेने मला नेऊन उभं केलं आणि सगळं पुन्हा बोलायला लावलं. त्यांनी ओरडावं अशी माझी तयारी होती. त्यांनी नळकांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आता मला करून दाखवा.” दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा जमलं.

पोर आजोळी गेली नाही. सकाळी मी पंप हलवतो, नळकांड्याला लावतो, ती तोंडाला धरते, मी दाबतो. मग ती सावकाश श्वास घेते आणि मी बोटांवर दहापर्यंत मोजतो, घाई न करता. हे आम्ही ओट्यावर करतो, सगळ्यांना दिसेल असं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून बघतात. बघू देत.

त्याच्या जुन्या खोलीला आता कुलूप आहे. परवा तो काही सामान न्यायला आला होता. पोर श्वास घेत होती, मी सातपर्यंत आलो होतो. तो थांबला. मला त्याच्याकडे बघून घ्यायचं होतं, डोळ्यांत डोळे घालून, फार दिवसांनी. पण मध्येच आकडा चुकला असता. मी पोरीच्या तोंडाकडेच बघत मोजत राहिलो, आणि वर बघितलं तोवर तो गेलेला होता.